शिवणं सोपं, परतणं अवघड

लालबागमध्ये एक चाळ होती. तीन मजली, लाकडी कठड्यांची, गिरणीच्या भोंग्यावर उठणारी. चाळीमागे मातीचं पटांगण होतं आणि त्या पटांगणावर चाळीतल्या पोरांचा कबड्डीचा संघ घडत होता. शिकवणारे गृहस्थ गिरणीत साचाखात्यात होते. पोरं त्यांना मामा म्हणायची, म्हणून पोरांचे बापही मामाच म्हणायचे. पहिल्या पाळीहून परतले की मामा कपभर चहा घेत आणि पटांगणात उतरत. डबीतला चुना तंबाखूला आणि बादलीतला चुना रेषा आखायला, एवढाच त्यांचा जामानिमा.

संघात दोन गडी नावाजलेले होते. एक डावा कोपरा सांभाळायचा, दुसरा उजवा. त्यांची खरी नावं शाळेच्या हजेरीपटावर राहिली. चाळीत त्यांना डावा आणि उजवा असंच म्हणत. आपणही तेच म्हणू.

या दोघांमध्ये वर्षभर अबोला होता. त्याचं कारण परळच्या मैदानावर घडलेलं. आदल्या हंगामातल्या एका सामन्यात यांचा गडी समोरच्याला शिवून परत आला. पोरं त्याला उचलून नाचायला लागली. तेवढ्यात समोरचा चढाईवाला त्याच्या पाठोपाठच मध्यरेषा ओलांडून आत घुसला. कुणाचा हात कुणाच्या हातात नव्हता, कुणाचं तोंडही समोर नव्हतं. तो तीन गडी शिवून परत गेला, आणि सामना तिथेच फिरला.

घरी येताना डावा म्हणाला, "उजव्याने हात सोडला." उजवा म्हणाला, "डावा नाचत होता." दोघांचंही खरं होतं, म्हणूनच भांडण मिटेना.

तेव्हापासून मामांनी साखळी धरायला सांगितली, की डावा आपल्या बाजूची साखळी धरी आणि उजवा आपल्या बाजूची. मध्ये एका माणसाएवढी फट राही. मामा रोज त्या फटीतून चालत जात आणि म्हणत, "बघा, मी पण गेलो. माझं वय पन्नास." पोरं हसत. फट तशीच राही.

ते साल 1971 होतं. त्या वर्षी 25 मार्चच्या रात्री पूर्व पाकिस्तानात लष्कराने स्वतःच्याच लोकांवर बंदुका चालवल्या, आणि माणसं जीव मुठीत धरून सीमेपलीकडून भारतात येऊ लागली. हळूहळू त्यांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. लालबागला हे सगळं फार लांबचं होतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून गावी पाठवायच्या पाकिटावर शरणार्थींसाठी 5 पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं, तेवढ्यापुरतं चाळीला ते माहीत.

चाळीची मतंही चाळीसारखीच, दर खोलीला वेगळी. पहिल्या मजल्यावरचे म्हणत, "सरळ लढाई करून टाका." दुसऱ्या मजल्यावरचे म्हणत, "आपलं रेशन बघा आधी, लढाईने साखर स्वस्त होते काय?" तिसऱ्या मजल्यावर रात्रशाळेत शिकवणारे एक मास्तर राहायचे. ते म्हणत, "एक कोटी माणसं जेवायला घालायची, परत पाठवायची कशी ते कुणी सांगत नाही, यातून काय निघेल ते दिसतंच आहे." नळावर यावर रोज वाद व्हायचा आणि पाणी गेलं की वादही जायचा.

डिसेंबर लागला. दत्तजयंती होऊन एकदोन दिवसच झाले होते. शुक्रवार, 3 डिसेंबर. संध्याकाळी पावणेसहाच्या सुमाराला पोरं पटांगणावर दम घुमवत होती आणि मामा त्या फटीतून चालत होते. नेमक्या त्याच वेळी पाकिस्तानची विमानं अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, अवंतीपूर इथल्या आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकत होती. पुढे रात्री अंबाला, आग्रा, जोधपूरपर्यंत मजल गेली. पंतप्रधान इंदिरा गांधी त्या दिवशी कोलकात्यात होत्या. त्या तातडीने दिल्लीला परतल्या आणि मध्यरात्र उलटल्यावर आकाशवाणीवरून देशाशी बोलल्या.

चाळीत रेडिओ दोनच. एक पहिल्या मजल्यावर, एक मास्तरांकडे. त्या रात्री दोन्ही दारांसमोर माणसं गॅलरीत उकिडवी बसली होती. आवाज थांबला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा साखरवाला उठला आणि म्हणाला, "मग आता काय, लढायलाच हवं." पहिल्या मजल्यावरचा त्याच्याकडे बघत राहिला. इतके महिने याच माणसाशी तो नळावर भांडला होता, आणि आज तो भांडण जिंकला ते स्वतःच्या बोलण्याने नाही.

मग मुंबई काळोखात गेली. खिडक्यांच्या काचांना काळा नाहीतर खाकी कागद लागला. फुटल्या तर उडू नयेत म्हणून काचांवर कागदाच्या पट्ट्या आडव्यातिडव्या चिकटवल्या. मोटारींचे दिवे अर्धे काळे रंगवले. भोंग्याला सरावलेल्या कानांना आता सायरन ओळखायला शिकावं लागलं. वरखाली होणारा आवाज आला की धोका, एकसुरी लांब आला की मोकळे. आकाशात मात्र पौर्णिमेचा चंद्र नुकताच उतरणीला लागला होता. सरकारने सगळ्यांचे दिवे बंद केले, पण त्याला कोण सांगणार?

चाळीतल्या थोरल्या पोरांना पहाऱ्याचं काम मिळालं. काम एवढंच, की खाली उभं राहून वर बघायचं आणि कुठे उजेडाची फट दिसली तर ओरडायचं. एका रात्री सायरन झाला आणि सगळी चाळ मिटली. फक्त दुसऱ्या मजल्यावर एका खिडकीचा कागद सुटला होता आणि आतून पिवळा उजेड सांडत होता. ती खोली उजव्याची. उजवा पहाऱ्यावर खाली होता आणि घरात एकटी आजी, तिच्यापुढे देवाजवळची समई.

"दिवा बंद करा!" खालून एक ओरडला, मग दहा ओरडले. आजीला कमी ऐकू यायचं.

डावा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच होता. उजव्याच्या उंबऱ्यात त्याने वर्षभर पाय ठेवला नव्हता. क्षणभर थांबला आणि आत शिरला. दोरीवरची घोंगडी ओढली आणि खिडकीवर धरली. घोंगडी जड, खिडकी रुंद, एक बाजू धरली की दुसरी सुटायची. तेवढ्यात धापा टाकत उजवा वर आला. काही न बोलता त्याने दुसरी बाजू धरली. सायरन एकसुरी वाजेपर्यंत दोघे तसेच उभे होते. घोंगडीचा डावा कोपरा डाव्याच्या हातात, उजवा उजव्याच्या. मागे समई जळत होती.

आजी एवढंच म्हणाली, "बरं केलंत झाकलंत. विझवायला नको."

मोकळेचा सायरन झाल्यावरही झोप कुणाला येत नव्हती. पोरं गॅलरीत मामांभोवती बसली. मास्तरही खाली उतरून आले होते. काळोखात कोण कुणाशेजारी बसलंय ते दिसत नव्हतं, त्यामुळे डावा आणि उजवा शेजारी बसले असले तरी कुणी टोकलं नाही.

एका पोराने विचारलं, "मामा, एवढी विमानं येऊन बॉम्ब टाकून गेली. मग पहिला डाव त्यांचाच ना?"

मामांनी उलट विचारलं, "चढाईवाला आपल्याला शिवला, की आपला गडी बाद का?"

"हो."

"लगेच?"

पोरगं गप्प झालं. दुसरं म्हणालं, "नाही. तो परत मध्यरेषेला पोचला तर. मधे धरला, तर तोच बाद."

"आणि शिवलेला गडी?"

"तो जिवंत."

"मग एवढंच लक्षात ठेवा," मामा म्हणाले. "शिवणं सोपं असतं, परतणं अवघड. आता मास्तर सांगतील ते ऐका. मला सन आठवत नाहीत."

मास्तर सांगू लागले. "30 वर्षांपूर्वी याच महिन्यात, 7 डिसेंबर 1941 ला जपानने हवाई बेटांवरच्या पर्ल हार्बर बंदरावर अशीच झडप घातली. रविवारची सकाळ होती. बोटी नांगरलेल्या, विमानं ओळीने उभी. अमेरिकेची 2,400 वर माणसं मेली. त्या दिवसापर्यंत अमेरिकेत आपल्या चाळीसारखेच दोन तट होते. युरोपात दोन वर्षं लढाई पेटलेली, पण आपण कशाला पडायचं, असं म्हणणारे पुष्कळ. दुसऱ्या दिवशी त्यांच्या प्रतिनिधी सभागृहात युद्धावर मत घेतलं. बाजूने 388, विरुद्ध 1."

"एकच?"

"एकच. अध्यक्षांना दोन वर्षांत जे जमलं नाही, ते जपानने त्यांना एका सकाळी करून दिलं. आणि जपान्यांनी शिवलं तरी काय? अमेरिकेच्या विमानवाहू बोटी त्या दिवशी बंदरात नव्हत्याच. तेलाच्या टाक्या आणि दुरुस्तीच्या गोद्या तशाच राहिल्या. त्याच गोद्यांत बुडालेल्या बोटी उभ्या राहिल्या. पावणेचार वर्षांनी जपान शरण आला, तोवर त्याची शहरंच्या शहरं जळाली होती."

"मग हे पाकिस्तानला ठाऊक नव्हतं?" हा आवाज उजव्याचा होता.

"ठाऊक असणार. पण माणूस दुसऱ्याची जमलेली चढाई लक्षात ठेवतो, फसलेली विसरतो. चार वर्षांपूर्वी, 5 जून 1967 ला इस्रायलने इजिप्तची विमानं एका सकाळीत जमिनीवरच मोडून टाकली आणि सहा दिवसांत लढाई जिंकली. ते सगळ्या जगाने पाहिलं. शिवाय आपल्याकडचाही एक दाखला होताच. 1965 मध्ये 6 सप्टेंबरच्या संध्याकाळी पठाणकोटला आपली विमानं उघड्यावर होती, ती त्यांनी जागच्या जागी जाळली."

"म्हणजे आपण तेव्हा नाचत होतो," डावा हळूच म्हणाला.

मामा हसले. "बरोबर. पण नाचल्यावर एक काम केलं. कुणी हात सोडला यावर सहा वर्षं भांडत बसलो नाही. विमानांसाठी पक्के निवारे बांधले. परवा ते आले तेव्हा विमानं झाकलेली होती. धावपट्टीला खड्डे पडले, ते बुजवले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच धावपट्टीवरून आपली विमानं उडाली. आग्र्याचा ताजमहालसुद्धा झाकून ठेवलाय म्हणतात. मघाशी या दोघांनी आजीची समई झाकली, तसाच."

काळोखात कुणीतरी खोकलं.

"पण मास्तर," साखरवाला म्हणाला. तोही कठड्याला टेकून ऐकत होता. "आपण काही मागे-पुढे केलं नव्हतं, आणि एकदम आकाशातून लढाई आली, असंच ना?"

मास्तर थोडा वेळ थांबले. "तसं नाही. धाड अचानक पडते, वैर अचानक पडत नाही. मार्चपासून ते शिजत होतं. शरणार्थी येत होते, तिकडे लष्कराशी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला आपण मदत करत होतो, नोव्हेंबरात पूर्वेच्या सीमेवर चकमकीही झाल्या होत्या. लढाईचा ढग दोन्हीकडच्यांना दिसत होता. पण ढग आहे तोवर छत्री घ्यायची की नाही यावर भांडता येतं. पहिली धार अंगावर पडली की भांडण संपतं. तीन तारखेला त्यांनी तेच केलं. आपल्या भांडणाचा निकाल त्यांनी लावला."

ते दिवस भराभर गेले. 4 डिसेंबरच्या रात्री नौदलाच्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीपर्यंत गेल्या आणि त्यांनी तिथे शत्रूच्या युद्धनौका बुडवल्या. लालबागमध्ये पेढे वाटले गेले. पोरांनी कागदाच्या होड्या करून मोरीत सोडल्या.

मामांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही. डबीशेजारी ठेवून दिला. म्हणाले, "आपला गडी शिवून आलाय. आता मागोमाग कोण येतंय ते बघा."

9 डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. मुंबईहून निघालेलं जहाज. त्याबरोबर 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. बातमी आली तेव्हा नळावर रांग होती. रांगेत कुणी काही बोललं नाही. हंडा भरला की माणूस निघून जाई. साखरवाल्याने आपला नंबर एका म्हातारीला दिला आणि शेवटी जाऊन उभा राहिला.

मामांनी त्या दिवशी रेषा आखल्या नाहीत.

16 डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली. 93,000 युद्धबंदी. एक नवा देश जन्माला आला. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची लढाईही थांबली. तीन तारखेच्या संध्याकाळी ज्यांनी चढाई केली होती, त्यांचा अर्धा देश चौदाव्या दिवशी त्यांच्या हातात नव्हता. मुंबईत खिडक्यांचे कागद निघाले. काचांवर पट्ट्यांचा डिंक मात्र बरेच दिवस राहिला.

जानेवारीत परळच्या मैदानावर पुन्हा त्याच संघाशी गाठ पडली. सामना बरोबरीत चालला होता. यांचा गडी एकाला शिवून परत आला. पोरं हरखली, पण नाचली नाहीत. कारण उजव्याने ओरडून सांगितलं होतं, "हात!" आणि डाव्याने हात पुढे केला होता. मधली फट मिटली.

समोरचा चढाईवाला तोच होता आणि युक्तीही तीच. तो पाठोपाठ आत आला. त्याला वाटलं, पोरं पाठमोरी असतील. समोर सात तोंडं आपल्याकडेच बघत होती. त्याने थांबायला हवं होतं, पण वेगात होता. डाव्या कोपऱ्याला त्याचा पंजा लागला. स्पष्ट लागला, पंचांनी पाहिलं, प्रेक्षकांनी पाहिलं. तो वळला, तोच डाव्याने त्याचा घोटा धरला, उजव्या बाजूने साखळी त्याच्यावर मिटली. मध्यरेषेपासून हातभर अंतरावर त्याचा दम सुटला.

शिट्टी झाली. चढाईवाला बाद. डावा जिवंत.

पोरं आता नाचणार, तेवढ्यात मामा बाजूने ओरडले, "आधी त्याला उठवा." खाली पडलेल्या त्या पोराचा गुडघा सोलवटला होता. डाव्याने आणि उजव्याने त्याला दोन्ही बाजूंनी धरून उभं केलं आणि त्याच्या अंगणात नेऊन सोडलं. मग मामांनी विचारलं, "आता त्यांच्याकडून पुढची चढाई येणार. हात कुठं आहेत?" साखळी पुन्हा जुळली.

सामना जिंकून चाळीत परत येताना डावा म्हणाला, "मामा, गेल्या वर्षी त्याने तीन गडी मारले नसते, तर आम्ही हात धरायला शिकलो नसतो. म्हणजे त्याचे उपकारच."

मामा चालता चालता थांबले. "उपकार कसले? तीन गडी गेले, सामना गेला, तुमच्या दोघांचं वर्ष गेलं. खुकरीवरची माणसं तर परतच यायची नाहीत. मार खाऊन एक झालात ते ठीक, पण त्याची किंमत फार पडते. मार खायच्या आधी एक झाला असता, तर फुकट पडलं असतं."

चाळीच्या दाराशी साखरवाला आणि पहिल्या मजल्यावरचा नळावर पुन्हा भांडत होते. या वेळी विषय रॉकेलचा होता. मामा त्यांच्या मधून वाट काढत म्हणाले, "भांडा, पण हात धरून भांडा."

तात्पर्य: झोपलेल्यावर झडप घालणारा पहिला घाव जिंकतो, पण त्या घावाने तो समोरच्याला जागं करतो आणि एकही करतो. म्हणून चोरून चढाई करू नये, केली तर परतायची रेषा विसरू नये. आणि ज्याच्यावर चढाई होऊ शकते, त्याने शत्रूच्या शिट्टीची वाट न बघता आपली साखळी आधीच धरून ठेवावी.